समुद्रातून आलेला ट्रॅक्टर

चहा घ्या आधी, गार होतोय. मग सांगतो. म्हणजे खरं तर सांगणारच नव्हतो, पण आमच्या मंडळींनी अर्ध्या गल्लीत सांगून टाकलंय. तिच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकलेलं बरं, कारण तिच्या सांगण्यात मी जरा जास्तच येडा दिसतो.

तुम्हाला माहीतच आहे, मी शिरोलीत एका फौंड्रीत मोल्डर. वितळलेलं लोखंड ओतायला वाळूचे साचे करायचे, हे माझं काम. सगळा जन्म वाळूत हात! मुठीत दाबली की कळतं पाणी कमी झालंय का जास्त. सकाळी पाळी सुरू झाली की पहिलं काम ठरलेलं: खालची वाळू उलटायची, पाणी मारायचं, धुमसायची, म्हणजे ठोकून घट्ट करायची, आणि फळी मारून सपाट करायची. मगच दुसरं काम. विस्कटलेली वाळू नुसती बघितली तरी माझे हात शिवशिवतात. दारू नाही, तंबाखू नाही, हे एकच व्यसन आहे मला.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल. सुनंदानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, पेपरात वाचलं की वेंगुर्ल्याकडं एका गावात समुद्राला लागून नवीन लॉज झालंय आणि तिथल्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात. गावाचं नाव सांगत नाही. मला तिथं अजून जायचं असतं.

ती म्हणाली, जायचं. मी म्हणालो, कासव काय बघायचं? रंकाळ्यावर जाऊ, भेळ खाऊ, परत येऊ. ती म्हणाली, लग्नाला वीस वर्षं झाली, तुम्ही मला रंकाळ्याच्या पुढं नेलेलं नाही. आजऱ्यावरून आंबोली उतरलो आणि गेलो.

लॉज म्हणजे मला वाटलं दोन मजली, खाली बार, वर खोल्या. बघतो तर काय, झावळ्यांनी शाकारलेल्या तीन खोपी! मालकाचं नाव बाबी. चाळिशीचा, काटकुळा, सदा हसरा माणूस. मी विचारलं, एसी कुठाय? तो म्हणाला, वारो असा. विचारलं, टीव्ही? त्यानं समुद्राकडं बोट केलं. समुद्राच्या बाजूला दिवा लावायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, कारण कासवं बुजतात म्हणे. कोल्हापूरच्या माणसाला मोठ्यानं बोलू नको म्हणणं म्हणजे गप्पच बस म्हणण्यासारखं आहे. पण बसलो.

जेवताना मात्र या बाबीनं मला जिंकलं. बांगड्याचं तिखलं वाढता वाढता तो सगळं सांगत होता. पूर्वी गावातली माणसं कासवाची अंडी काढून खायची. तोही खायचा, लहानपणी. मग कासवं कमी होत गेली, तेव्हा त्याच्या मनानं घेतलं की ही राखायची. गावाला त्यानं पटवलं. अंडी राहिली तर ती बघायला माणसं येतील, माणसं आली तर गावाला चार दिवस बरे येतील, असं सांगून बायकोच्या बांगड्या मोडल्या आणि या खोपी बांधल्या. गावातले निम्मे लोक हसत होते, निम्मे वाट बघत होते.

आणि कासव येईना! डिसेंबर गेला, जानेवारी संपत आला, एक घरटं नाही. रोज पहाटे बाबी खाडीच्या तोंडापासून सगळा किनारा चालत यायचा, घरटं शोधत. सापडलं तर अंडी उचलून कुंपणाच्या आत नीट पुरायची, नाहीतर कुत्री आणि कोल्हे एका रात्रीत फस्त करतात. या वर्षी एकही घरटं मिळालं नाही तर गाव पुन्हा अंडी खायला मोकळं, हे त्याला ठाऊक होतं. हे सांगताना तो हसत होता, पण भात चिवडत बसला होता. मला फार वाईट वाटलं. मनात आलं, या माणसासाठी आपण काहीतरी केलं पाहिजे.

आणि केलं! ते केलं नसतं तर फार बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मला सवयीनं साडेपाचला जाग आली. पहिल्या पाळीची जाग सुट्टीच्या दिवशीही येतेच. बाबी अंधारातच मागच्या वाटेनं खाडीकडं गेलेला, चुलीवर चहा नाही. जरा उजाडल्यावर मी खोपीबाहेर आलो आणि बघतच राहिलो. काल संध्याकाळी कशी तुळतुळीत वाळू होती! आता तिच्यावर ट्रॅक्टरच्या चाकाचे पट्टे! दोन पट्टे, पाण्यापासून वर आलेले. वरच्या बाजूला, सुरूच्या झाडांच्या जरा अलीकडं, चाक रुतून गरागरा फिरल्यासारखा खड्डा, आणि वाळू चौफेर उडवलेली.

म्हटलं, काय माणसं आहेत! एवढ्या कष्टानं लॉज काढलंय आणि त्याच्या अंगणात ट्रॅक्टर घालतात?

बाबीची फळी खोपीमागं पडलेली होती. मिरचीच्या रोपांना पाणी घालायची झारी होती. घमेलं सुनंदाला आणायला सांगितलं. ती डोळे चोळत घमेलं घेऊन आली आणि विचारलं, "अवो, लोकांच्या दारात काय चाललंय तुमचं?" मी सांगितलं, तू आत जा, हे कसबाचं काम आहे.

मग काय विचारता! आठ घमेली वाळू टाकून तो खड्डा बुजवला. झारीनं पाणी मारलं. पायानं धुमसलं. मग सुरूच्या झाडांपासून पाण्यापर्यंत, फळी मारत, मागं मागं सरकत, एकेक पट्टा काढला. मागं सरकत काढायचा म्हणजे आपलं पाऊलही उमटत नाही. पाऊण तासानं बघितलं तर साठ फूट लांब वाळू अशी दिसत होती की वर गोटी ठेवली तर घरंगळू नये. आमच्या फोरमननं बघितली असती तर पाठ थोपटली असती.

काम करताना डोकं चालतंच. माझ्या लक्षात आलं, ट्रॅक्टर इथं कशाला येईल? वाळू चोरायला! आमच्याकडं नदीतली वाळू नाही का उपसून नेत? दूधगंगेला काय, पंचगंगेला काय, रोजचंच आहे. मी सगळा हिशोब जुळवला. चोर पाण्याच्या कडेकडेनं आले, म्हणजे लाटेनं माग पुसला जावा. वर आले, चाक रुतलं, घाबरले, रिकामे परत गेले. बघा, पोलिसात असतो तर कुठल्या कुठं गेलो असतो.

बाबी आला तो दमलेला, चेहरा पडलेला. सगळा किनारा पालथा घातला, काही नाही. मी त्याला सपाट वाळू दाखवली आणि म्हटलं, "बाबी, तुमच्या दारात वाळूचोर आलतं. ट्रॅक्टर घिऊन. घाबरायचं न्हाय, मी हाय की."

त्याला धक्काच बसला. वाळूचोर म्हटल्यावर कुणालाही बसेल. त्यानं शेजारी हाक दिली, शेजाऱ्यानं त्याच्या शेजाऱ्याला दिली. बघता बघता वीस-पंचवीस माणसं जमली. गावात ट्रॅक्टर एकच, मोतीरामचा. सगळ्यांनी मोतीरामला बोलावून आणलं. बिचारा दात घासत होता, तोंडात फेस तसाच घेऊन आला. लोक त्याला काहीबाही बोलायला लागले, आणि मी मध्ये उभा राहून साक्ष देत होतो. पट्टा एवढा रुंद, खड्डा एवढा खोल, वाळू अशी उडवलेली. कोर्टात वकील बोलतो तसं बोलत होतो हो मी!

मोतीरामनं सगळं ऐकून घेतलं. चूळ भरली. मग शांतपणे विचारलं, दोन पट्ट्यांत अंतर किती होतं?

मी म्हटलं, पाण्याजवळ पंधरा फूट. वर खड्ड्यापाशी दोन फूट.

"म्हंजे माझो ट्रॅक्टर वर चढताना आकसता?"

मी म्हटलं, वळवताना होतं तसं. होत नाही, मला माहीत आहे, पण आता मागं कसं फिरायचं?

"आणि इलो खंयसून?"

"पाण्याकडनं."

"गेलो खंय?"

"पाण्याकडंच गेला की."

मोतीराम म्हणाला, "माझ्या ट्रॅक्टराक पोवूक येना नाय."

ट्रॅक्टरला पोहता येत नाही म्हणाला, तरी कुणी हसलं नाही. मला वाटलं आता सगळे हसतील, पण सगळे बाबीकडं बघायला लागले. बाबीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो माझ्यासमोर आला आणि अगदी हळू विचारलं, पट्ट्याच्या मधोमध शेपटी ओढल्यासारखी बारीक रेघ होती काय? दोन्ही बाजूला वल्ही मारल्यासारखे फराटे होते काय?

होते की. मला वाटलं टायरची नक्षी.

"ट्रॅक्टर नाय ओ ता, पावण्यांनू," तो म्हणाला. "कासव इला होता."

जमीन दुभंगावी म्हणतात ना, तर दुभंगायला तिथं नुसती वाळू, आणि तीसुद्धा मी धुमसून घट्ट केलेली! दोन महिने हा माणूस ज्या खुणेसाठी रोज पहाटे तंगडतोड करत होता, ती त्याच्या स्वतःच्या दारात आली होती. आणि मी ती पाणी मारून, फळी लावून, मन लावून पुसली होती. तो खड्डा चाकाचा नव्हता. अंडी घातल्यावर मादी वरून वाळू उडवून घरटं झाकते, तो तो खड्डा. त्यावर मी नाचलो होतो!

बाबी मला एक शब्द वाईट बोलला नाही. त्यापेक्षा त्यानं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो काठी घेऊन शोधायला लागला. काठी हळूच टोचत जायची, जिथं वाळू भुसभुशीत लागेल तिथं घरटं, अशी त्यांची पद्धत. पण भुसभुशीत लागेल कुठं? बावीस वर्षं मुरलेला मोल्डर तिथं राबून गेला होता! काठी जिथं टोचावी तिथं सारखीच लागायची. माझ्या कामाची एवढी पक्की पावती मला फौंड्रीत कधी मिळाली नाही.

ऊन वर चढत होतं. अंडी फार वेळ तशीच राहिली तर हलवता येत नाहीत, आत पिल्लू धरायला लागलं की धक्का सोसत नाही, असं बाबी म्हणाला. आणि तिथंच सोडली तर कुत्री शोधून काढणार. साठ फूट वाळू, आणि खाली कुठंतरी दीड हातावर शंभरेक जीव. सरळ फावड्यानं उकरलं तर अंडी फुटणार. मला रडू यायचंच बाकी होतं. आलं पण असेल थोडं.

तेव्हा सुनंदा पुढं झाली. म्हणाली, "रडताय काय? सकाळचं सगळं परत करून दावा की."

म्हणजे सगळ्या गावासमोर मी हातात रिकामी फळी घेऊन उभा. सुरूच्या झाडापासून सुरुवात. हवेत घमेलं ओतलं, हवेत झारी धरली. पोरंटोरं तोंडावर हात धरून हसत होती. मी डोळे मिटून आठवत होतो, हात कुठं थांबला, पाठ कुठं दुखली. दोन-तीन वेळा चुकलो. इथं, नाही तिथं, नाही जरा अलीकडं. सुनंदा बघत होती. मग ती म्हणाली, मी घमेलं द्यायला आले तेव्हा दोरीवरचा ओला टॉवेल माझ्या तोंडावर फडफडला होता. दोरी झाडाला आणि दोन नंबरच्या खोपीला बांधलेली. टॉवेल अजून तिथंच वाळत होता. ती टॉवेलाखाली जाऊन उभी राहिली आणि हात पुढं केला, घमेलं देताना केला होता तसा. मी जाऊन तिच्यासमोर उभा राहिलो.

पायाखालची वाळू मुठीत घेतली आणि दाबली. वरची ओली, माझ्या झारीची. तिच्याखालची कोरडी, मी घमेल्यानं आणलेली. आणि तिच्याखाली ओलसर, गार, खालून वर आलेली. बाजूला चार हातांवर बघितलं तर असा थर नव्हता. मी बाबीला म्हटलं, "हितं हाय. माझं हात खोटं सांगत न्हाईत."

बाबी गुडघ्यावर बसला आणि बोटांनी उकरायला लागला. मनगट गेलं, कोपर गेलं. मग तो थांबला. डोळे मिटले. हात बाहेर काढला तेव्हा तळव्यावर टेबल टेनिसच्या चेंडूएवढं पांढरं अंडं होतं. मोतीरामनं टोपी काढली. का काढली माहीत नाही, पण सगळ्यांना तेच करावंसं वाटलं असणार.

एकशे अठरा अंडी निघाली. एकही फुटलेलं नव्हतं. मी मोजत नव्हतो, मी नुसता बघत होतो, फुटलेलं निघालं तर पहिलं मला दिसावं म्हणून. कुंपणात पुरायला मडक्यासारखा खड्डा लागतो, वर अरुंद, खाली फुगीर. बाबी म्हणाला, दरवेळी काठ ढासळतात. म्हटलं, सरका. वाळूत मडकं काढायचं म्हणजे माझं रोजचंच काम. एका दमात काढलं. आणि अंडं जसं निघालं तसंच, वरची बाजू वर ठेवून, न फिरवता ठेवायचं असतं. साच्यात नाजूक भाग ठेवताना मी तेच तर करतो. एकशे अठरा अंडी माझ्या या हातांनी ठेवली. शेवटचं ठेवलं तेव्हा बाबी हसला, आणि त्या वेळी खरंच हसला.

निघताना त्यानं पैसे घेतले नाहीत, मीही ऐकलं नाही, त्याच्या मुलीच्या दप्तरात ठेवून आलो. ते जाऊ दे.

मार्चमध्ये एके दिवशी फौंड्रीच्या ऑफिसात माझ्या नावानं फोन आला. बाबी होता. म्हणाला, खड्ड्यावरची वाळू खचलीय, उद्या-परवा पिल्लं निघतील, येवा. मी सुट्टी मागितली. कारण काय, विचारलं. म्हटलं, घरात बाळंतपण आहे. कितवं? म्हटलं, एकशे अठरा. फोरमननं हसून सुट्टी दिली.

गेलो तर तिन्ही खोपी भरलेल्या, पुण्याहून आलेली माणसं गावातल्या घरांत उतरलेली. हसणारे निम्मे लोक आता चहाच्या टपऱ्या लावून बसले होते. अंगणात नवीन पाटी. दिवा लावू नये. गोंगाट करू नये. आणि शेवटची ओळ, जाड अक्षरात: पाव्हण्यांनी मदत करू नये. एका बाईंनी मला विचारलं, हा कसला नियम? मी म्हटलं, असेल काहीतरी इकडची रीत. सुनंदानं तोंडाला पदर लावला.

सकाळी सूर्य वर यायच्या आत बाबीनं टोपलीत पिल्लं आणली. एवढी एवढी, दोन बोटांवर मावतील अशी, काळी, वळवळणारी. पण आदल्या संध्याकाळी माणसं फिरून वाळूत पावलांचे खड्डे पडले होते, आणि त्यात पिल्लू पडलं तर चढता चढता दमतं. बाबीनं इकडंतिकडं बघितलं. मग पाटीकडं पाठ करून त्यानं माझ्या हातात फळी दिली.

"करा," तो म्हणाला. "तुमच्यासारख्या कोणाक जमना नाय."

छाती अशी फुगली म्हणता! टोपलीपासून पाण्यापर्यंत आरशासारखी वाट करून दिली. बाबीनं टोपली आडवी केली. पिल्लं निघाली. थांबली, मान वर केली, पुन्हा निघाली. एकेक लाट यायची आणि दहा-दहा न्यायची. एकशे सहा पिल्लं गेली. सुनंदा रडत होती आणि मला म्हणत होती, तुम्ही रडू नका. मोतीराम लांब उभा राहून हात हलवत होता, जसं काही एसटीत बसवून दिलंय. मोठी होऊन यातली मादी याच किनाऱ्याला परत येते म्हणतात. येऊ दे. सगळी नाही, चार आली तरी पुरे.

शेवटचं पिल्लू गेलं. वाळूवर राहिल्या त्या एकशे सहा बारीक रेघा, टोपलीपासून समुद्रापर्यंत. लोक कॅमेरे काढून वाकले, त्या रेघांचे फोटो घ्यायला. इतका वेळ कुणाचं माझ्याकडं लक्ष नव्हतं.

बाबीनं मागं वळून बघितलं आणि म्हणाला, "पावण्यांनू, फळी खाली ठेवा."

तोवर मी चार फूट सपाट करून बसलो होतो.